जुना दट्ट्या काय सांगतो?

विद्यार्थी मित्रांनो, ॲल्युमिनियमचे रिकामे भांडे चुकून शेगडीवर राहिले तर त्याचे काय होते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. भांडे वेडेवाकडे होते आणि जाळ मोठा असेल तर त्याचा तळ वितळतोही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. आता मोटारीच्या इंजिनाचा विचार करा. तेथे इंधन जळते तेव्हा वायूचे तापमान २००० अंशांच्याही वर जाते. या जाळाला थेट तोंड देणारा भाग कशाचा असतो? ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा! हा भाग म्हणजे इंजिनाचा दट्ट्या. गॅरेजमध्ये त्याला पिस्टन म्हणतात.

मग हा दट्ट्या वितळत का नाही? आणि तो झिजला तर त्याच्या जागी कोणता दट्ट्या बसवावा? यांपैकी दुसरा प्रश्न माझ्यापुढे अचानक आला, आणि त्याचे उत्तर शोधताना अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राची बरीच उजळणी झाली. तीच आज तुमच्यासमोर मांडतो.

निळा धूर

माझा एक माजी विद्यार्थी इंदापूर तालुक्यातला. त्याचे वडील प्रवासी मोटार चालवतात. कधी पुण्याचे भाडे, कधी पंढरपूरचे, तर कधी भिगवणला पक्षी पाहायला आलेली मंडळी. घरखर्च आणि धाकट्या बहिणीची फी या एका गाडीवर चालते. गेल्या वर्षी गाडी निळसर धूर सोडू लागली आणि दर आठवड्याला तेल मागू लागली. निळा धूर म्हणजे इंजिनातले वंगणतेल जळत असल्याची खूण. बारामतीच्या एका मिस्त्रींनी इंजिन उतरवले आणि सांगितले, "दट्टे, रिंगा, सगळेच बदलावे लागेल."

त्या संध्याकाळी तो मुलगा माझ्याकडे आला. "सर, बाजारात तीन तऱ्हेचे दट्टे आहेत. एक संच नावाजलेल्या कंपनीचा, एक अगदी स्वस्त, आणि एक शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तसला 'घडीव' दट्ट्यांचा, भलताच महाग. कोणता घेऊ? पुन्हा इंजिन उघडायची आमची ऐपत नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गॅरेजमध्ये गेलो.

ते इंजिन आपल्या पुणे जिल्ह्याच्या चांगल्या ओळखीचे आहे. फियाट कंपनीचे हे १.३ लिटरचे डिझेल इंजिन शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे, आणि हरियाणात मानेसर येथेही. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुन्टो अशा किती तरी गाड्यांत तेच बसवलेले असे. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ ही प्रदूषणाची नवी मानके लागू झाली आणि त्या सुमारास आपल्याकडे त्याचे उत्पादन थांबले. रस्त्यावर मात्र या गाड्या आजही भरपूर दिसतात.

या इंजिनाचा सिलिंडर ६९.६ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि दट्ट्या त्यात ८२ मिलिमीटर खाली-वर सरकतो. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. एका सिलिंडरचे घनफळ ३१२ घन सेंटिमीटर येईल. सिलिंडर चार, म्हणून एकूण १२४८. जाहिरातीत १.३ लिटर म्हणतात ते हेच!

टर्बो म्हणजे काय?

या इंजिनाला टर्बोचार्जर आहे. त्याची मूळ कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते आणि ती एरवी धुराड्यातून वाया जाते. टर्बोमध्ये हा वायू एका लहान चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते. ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात.

जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. पण निसर्ग काहीच फुकट देत नाही. जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त दाब. अशा डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब वातावरणाच्या १४० पटींपर्यंत सहज जातो. आता गणित करा. दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या तळहाताच्या निम्मे. दर चौरस सेंटिमीटरवर १४० किलोग्रॅम भार धरला तर एकूण भार ५३०० किलोग्रॅम होतो. सव्वापाच टन! मिनिटाला ४००० फेऱ्यांवर हा घाव प्रत्येक दट्ट्यावर सेकंदाला ३३ वेळा पडतो.

तरीही दट्ट्या टिकतो याची कारणे तीन. पहिले, जाळ सतत नसतो. चार धावांपैकी एकाच धावेत ज्वलन होते आणि त्यानंतर थंड हवा आत येते. दुसरे, माथ्याची उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीकडे आणि तेथून पाण्याकडे जाते. तिसरे, टर्बो असलेल्या बहुतेक डिझेल इंजिनांत दट्ट्याच्या पोटावर खालून तेलाची धार मारलेली असते. त्यामुळे माथा साधारण ३०० अंशांच्या आसपास राहतो. यांपैकी एक वाट जरी बंद झाली तरी दट्ट्या गेलाच म्हणून समजा.

यावरून निवडीचा पहिला नियम मिळतो. बिनटर्बोच्या इंजिनाचा दट्ट्या मापाने बसला तरी टर्बोच्या इंजिनात चालत नाही. टर्बो डिझेलच्या दट्ट्यात वरच्या रिंगेच्या खाचेत बहुधा कठीण लोखंडाचे कडे ओतलेले असते, कारण तापलेले मऊ ॲल्युमिनियम तेथे लवकर झिजते. शिवाय त्याची गजनपिनही जाड असते.

केसाच्या जाडीचा प्रश्न

मिस्त्रींनी सिलिंडर मोजला तो वर, मध्ये आणि खाली, तसेच प्रत्येक जागी आडवा आणि उभा. खाली माप ६९.६२ मिलिमीटर होते, पण वरच्या टोकाला ६९.७२! झीज वरच जास्त का? दट्ट्या वर पोहोचून मागे फिरतो तेव्हा क्षणभर त्याचा वेग शून्य होतो. त्यामुळे तेलाचा थर तेथे पातळ पडतो, आणि नेमका त्याच वेळी वायूचा दाब सर्वांत जास्त असतो.

मूळ मापाचा नवा दट्ट्या आता ढिला बसला असता. म्हणून सिलिंडर थोडा मोठा कापायचा, म्हणजे रिबोअर करायचा, आणि मोठ्या मापाचा दट्ट्या घालायचा असे ठरले. "सर, मग गाडीची ताकद वाढेल ना?" मुलाने आशेने विचारले. व्यास अर्धा मिलिमीटर वाढवला तर चारही सिलिंडर मिळून घनफळ फक्त १८ घन सेंटिमीटरने वाढते, म्हणजे शेकडा दीड टक्कासुद्धा नाही. रिबोअरने झीज निघते, ताकद येत नाही.

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात किती फट ठेवायची? येथे उष्णतेने होणारे प्रसरण आठवा. लांबीतील वाढ = मूळ लांबी × प्रसरण गुणांक × तापमानातील वाढ. दट्ट्याच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा गुणांक दर अंशाला सुमारे २० दशलक्षांश आहे आणि सिलिंडरच्या बिडाचा सुमारे ११. व्यास ७० मिलिमीटर धरा आणि दोघांचे तापमान ९० अंशांनी वाढले असे समजा. दट्ट्या ०.१२६ मिलिमीटरने फुगेल, सिलिंडर ०.०६९ मिलिमीटरने. म्हणजे फट ०.०५७ मिलिमीटरने कमी होईल. आपल्या डोक्याचा केस साधारण इतकाच जाड असतो!

फट यापेक्षा फार कमी ठेवली तर गरम दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळला जातो आणि चालत्या गाडीत इंजिन जाम होते. फार जास्त ठेवली तर दट्ट्या भिंतींवर आपटत राहतो आणि तेल वर चढते. माथा तर खालच्या भागापेक्षा पुष्कळच तापतो, म्हणून दट्ट्या मुळातच माथ्याकडे निमुळता घडवलेला असतो. तो पूर्ण गोलही नसतो, किंचित लंबवर्तुळाकार असतो. गरम झाला म्हणजे तो हव्या त्या आकाराला येतो. म्हणून दट्टा बनवणाऱ्याने सांगितलेलीच फट ठेवायची असते. चांगला कारागीर आधी दट्टे आणतो, ते एकेक करून मोजतो आणि मगच सिलिंडर कापतो. आधी कापून मग दट्टे शोधणे म्हणजे आधी दार करून मग चौकट शोधण्यासारखे आहे.

ओतीव की घडीव?

आता त्या महागड्या संचाकडे वळू. नेहमीचे दट्टे साच्यात ओतलेले असतात. त्यांत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते. सिलिकॉनमुळे प्रसरण कमी होते आणि झीजही कमी होते, पण धातू थोडा ठिसूळ बनतो. घडीव दट्टे तापलेल्या धातूच्या गोळ्यावर प्रचंड दाब देऊन घडवतात. त्यांचा धातू चिवट असतो. घाव बसला तर तो तडकण्याऐवजी दबतो. पेट्रोलच्या टर्बो इंजिनात हवेचा दाब फार वाढवला तर मिश्रण कधी कधी ठिणगीची वाट न पाहता किंवा ठिणगीनंतर एकदम भडकते आणि हातोड्यासारखे घाव पडतात. शर्यतीच्या गाड्यांत घडीव दट्टे वापरतात ते मुख्यतः यासाठी.

पण शर्यतीसाठीच्या एका प्रचलित घडीव मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसते आणि त्याचा प्रसरण गुणांक २२ च्या वर असतो. वरचेच गणित पुन्हा करा. फट आता ०.०५७ ऐवजी सुमारे ०.०७० मिलिमीटरने कमी होईल. म्हणजे थंड असताना जास्त फट सोडावी लागेल. मग रोज सकाळी इंजिन गरम होईपर्यंत दट्टे खडखडणार आणि झीज वाढणार. शर्यतीचे इंजिन दर थोड्या दिवसांनी उघडतात, तेथे हे चालते. इंदापूर-पुणे फेऱ्या मारणाऱ्या गाडीला लाखभर किलोमीटर न उघडता जायचे असते. "म्हणजे महाग ते चांगले असे नाही?" मुलाने विचारले. "चांगले आहेच," मी म्हणालो, "पण दुसऱ्या कामासाठी."

तीन दशांश मिलिमीटर

राहिला स्वस्त संच. दिसायला तो हुबेहूब होता आणि व्यासही बरोबर होता. मिस्त्रींनी एक गोष्ट मात्र आवर्जून मोजली. गजनपिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची जुन्या दट्ट्यापेक्षा ०.३ मिलिमीटरने कमी भरली. एवढ्याने काय बिघडते?

दट्ट्या सर्वांत वर असताना वर उरलेल्या जागेशी एकूण जागेचे जे गुणोत्तर, त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. या इंजिनाच्या एका प्रकारात ते १७.६ आहे. म्हणजे ३१२ घन सेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये वर फक्त १८.८ घन सेंटिमीटर जागा उरते. दट्ट्या ०.३ मिलिमीटरने बुटका असेल तर ३८ × ०.०३ = १.१४ घन सेंटिमीटर जागा वाढते आणि गुणोत्तर सुमारे १६.७ वर उतरते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी तापते तिच्यामुळेच इंधन पेटते. २७ अंशांची हवा १७.६ पट दाबली तर उष्णतेची गळती धरूनही ती सुमारे ५४५ अंशांपर्यंत तापते. १६.७ पट दाबली तर सुमारे १५ अंश कमी. चालत्या गरम इंजिनात हे खपून जाईल, पण माघातल्या पहाटे प्रवासी दारात उभे असताना गाडी चटकन चालू होईलच असे नाही. उलट दट्ट्या ०.३ मिलिमीटरने उंच निघाला असता तर तो झडपांवर आपटण्याचा धोका होता.

मग मिस्त्रींनी चारही दट्टे तराजूत टाकले. सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत १४ ग्रॅमचा फरक निघाला. मुलगा हसला, "१४ ग्रॅम!" आम्ही हिशेब केला. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर दट्ट्या वरच्या टोकाला मागे फिरतो तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९५० पट असते. तेथे १४ ग्रॅमचा फरक १३ किलोग्रॅम वजनासारखा झटका देतो, आणि तोही प्रत्येक फेऱ्यात. चार दट्टे एकमेकांशी तोलून धरले तर इंजिन शांत चालते. एक जरी जड असला तरी ते थरथरते आणि बेअरिंगे भोगतात. स्वस्त संच बाजूला पडला.

नावाजलेल्या कंपनीचा संच मोजला. उंची जुळली, चौघांच्या वजनात एक-दोन ग्रॅमचाच फरक होता, वरच्या खाचेत लोखंडी कडे होते आणि किती फट ठेवायची ते डब्यावर छापलेले होते. मी म्हणालो, "झाले, प्रश्न सुटला."

"पण हा गेला कशाने?"

मिस्त्री हसले. "सर, नवा कोणता घ्यायचा ते ठरले. पण जुना गेला कशाने, ते कुठे ठरले?"

मी गप्प झालो. एवढी गणिते केली, पण कारणच विचारले नव्हते! त्यांनी चारही जुने दट्टे पुसून उन्हात ओळीने मांडले आणि मला वाचायला शिकवले. माथ्याला भोक पडले असेल किंवा तो वितळला असेल तर बहुधा नोझल इंधनाचा फवारा नीट न करता धार सोडत असते. दट्ट्या चारी बाजूंनी आवळल्याचे ओरखडे असतील तर इंजिन तापले होते किंवा फट कमी होती. पेट्रोलच्या इंजिनात दोन रिंगांमधली भिंत तुटली असेल तर भडक्याचे घाव बसले आहेत.

आमच्या दट्ट्यांवर यांतले काहीच नव्हते. सर्व बाजूंनी सारख्या, बारीक, उभ्या रेघा होत्या, पृष्ठभाग राखाडी आणि निस्तेज होता, आणि वरच्या रिंगा झिजून पातळ झाल्या होत्या. "ही धूळ आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी टर्बोचे हवा ओढणारे चक्र दाखवले. त्याच्या पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. मग हवेच्या गाळणीपासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी वाकवली. पट्टीखाली बोटभर चीर होती!

सगळा उलगडा झाला. गाळणी नवी होती, पण हवा गाळणीच्या पुढच्या चिरेतून आत जात होती. ऊसतोडीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर उडणारी माती त्या हवेबरोबर गेली. मातीतले वाळूचे कण ॲल्युमिनियमपेक्षा आणि बिडापेक्षाही कठीण असतात. ते तेलात मिसळले की तेलाची घासणीची पेस्ट होते. ती नळी तशीच ठेवून जगातले सर्वांत भारी दट्टे बसवले असते, तरी पुढच्या हंगामापर्यंत तोच निळा धूर दिसला असता.

मोटारीत नवी नळी बसली. टर्बोचे चक्र बदलले, तेलाचे मार्ग धुतले, सिलिंडर कापून घेतले आणि मग नवे दट्टे बसले. पहिले काही शे किलोमीटर मुलाच्या वडिलांनी गाडी सांभाळून, भार न देता चालवली. परवा ते भेटले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "तेल घालावे लागत नाही." मला बक्षीस मिळाल्यासारखे वाटले, जरी ते खरे मिस्त्रींचे होते.

मित्रांनो, परीक्षेत आपण चूक झालेले उदाहरण खोडतो आणि नवे लिहितो. कुठे चुकले हे मात्र पाहत नाही, म्हणून तीच चूक पुन्हा होते. मोडलेला भाग हा निकाल असतो. कारण दुसरीकडेच असते, आणि त्याचा पत्ता त्या मोडलेल्या भागावरच लिहिलेला असतो.

करून पहा

१. स्प्लेंडर मोटारसायकलच्या इंजिनाचा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५ मिलिमीटर आहे. तिचे घनफळ काढा. गाडीच्या कागदांवरील आकड्याशी ते जुळते का?

२. त्याच व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या आणि बिडाचा सिलिंडर दोन्ही १०० अंशांनी तापले, तर फट किती कमी होईल?

३. जवळच्या गॅरेजमध्ये शिक्षकांबरोबर जा. टाकून दिलेला एक दट्ट्या मागून घ्या. माथा, रिंगांच्या खाचा आणि खालचा भाग येथे त्याचा व्यास मोजा आणि त्यावरच्या खुणा वहीत काढा. तो कशाने गेला याचा अंदाज आधी स्वतः लिहा, आणि मगच मिस्त्रींना विचारा.